एमबीए-एमएमएस प्रवेश: सीईटीच्या आधी कोर्स ठरवा, कॅपच्या आधी कागद जमवा

कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी सुरू झाली की आपले सरकार केंद्रांवर आणि तहसील कार्यालयात एका विशिष्ट प्रकारची गर्दी दिसू लागते. हातात सीईटीचं, म्हणजे प्रवेश परीक्षेचं, चांगलं स्कोअरकार्ड असतं, पण नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते, किंवा जातवैधतेचा अर्जच केलेला नसतो. वर्षभर क्लास लावून मिळवलेले पर्सेंटाइल अशा वेळी फारसे कामाला येत नाहीत. म्हणून ही माहिती परीक्षेपासून न सांगता कागदांच्या बाजूने सांगतोय. त्याआधी मात्र कुठली पदवी घ्यायची, ते ठरवायला हवं.

नेमकं काय करायचंय?

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे एमबीए, हे दोन्ही दोन वर्षांचे पूर्णवेळ अभ्यासक्रम. प्रवेशाची परीक्षा एकच आणि नोकरीच्या बाजारातली किंमतही सारखीच. नावावरून निवड करण्यात अर्थ नाही, संस्था बघावी. पीजीडीएम ही पदविका असते आणि ती देणाऱ्या स्वायत्त संस्थेला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असावी लागते. खासगी कंपन्या एमबीए आणि पीजीडीएममध्ये सहसा भेद करत नाहीत. पुढे पीएचडी, प्राध्यापकी किंवा सरकारी खात्यातली बढती डोक्यात असेल, तर त्या पीजीडीएमला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

बँकेत किंवा अकाउंट्स विभागात नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. पगार सोडून दोन वर्षं बसणं प्रत्येकाला जमत नाही. त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाचा एमएफएम आहे, म्हणजे वित्त व्यवस्थापनाची तीन वर्षांची अर्धवेळ पदवी. वर्ग नोकरीच्या वेळा सांभाळून असतात आणि प्रवेशासाठी कामाचा अनुभव लागतो. ज्याला गुंतवणूक, मूल्यांकन, डेरिव्हेटिव्ह्ज याच गोष्टींत रस आहे आणि मार्केटिंग-एचआरचे पेपर नकोसे वाटतात, त्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटच्या एमएस्सी फायनान्सचा विचार करावा.

बढतीसाठी नुसती पदव्युत्तर पदवी लागत असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू चालतं. दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अट एवढीच, की त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची परवानगी असली पाहिजे. अशा प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्याकरता आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (शिक्षणाचे श्रेयांक जमा होतात ते ऑनलाइन) खातं हवं. फोनवर 'सर, आजच सीट बुक करा' म्हणणाऱ्या समुपदेशकाला परवानगी आणि डीईबी आयडी, हे दोन प्रश्न विचारून बघा. त्याच्या बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

पुढचं सगळं पूर्णवेळ एमबीए-एमएमएसबद्दल.

पात्रता

किमान तीन वर्षांची कुठल्याही शाखेची पदवी आणि त्यात ५० टक्के गुण. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. वयाची अट नाही. शेवटच्या वर्षाची मुलं सीईटी देऊ शकतात, फक्त ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल हातात पाहिजे. उशिरा निकाल लावणाऱ्या विद्यापीठांच्या मुलांची इथे दरवर्षी धाकधूक असते.

सवलतीच्या ४५ टक्क्यांबद्दल एक बारकावा आहे. ही सवलत आरक्षणाचे कागद पूर्ण असतील तरच धरली जाते. ४७ टक्के असलेल्या मुलीचं जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तर ती खुल्या गटात जाते, आणि खुल्या गटात ५० टक्क्यांची अट असल्याने थेट अपात्र ठरते. ज्यांचे गुण ४५ ते ५० मध्ये आहेत त्यांनी व्हॅलिडिटीचं काम सीईटीच्या अभ्यासाआधी हाती घ्यावं.

परीक्षा राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपली सीईटी सेल घेते. २०० प्रश्न, १५० मिनिटं, संगणकावर, इंग्रजीतून. त्यातले ७५ प्रश्न तर्कावर, २५ आकृत्यांवर, ५० गणितावर आणि ५० इंग्रजीवर. आजवर चुकीच्या उत्तराला गुण कापले गेलेले नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काही राम नाही. तरी त्या वर्षीचं माहितीपत्रक एकदा वाचा. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून गुणवत्ता यादी पर्सेंटाइलवर लागते. कॅपमध्ये गटचर्चा नाही आणि मुलाखतही नाही.

महाराष्ट्राच्या कोट्यातल्या जागेसाठी ही सीईटीच लागते. कॅट किंवा सीमॅट या देशपातळीवरच्या परीक्षांचे गुण राज्याबाहेरच्या उमेदवारांना आणि संस्था पातळीवरच्या (संस्था स्वतः भरते त्या) जागांना उपयोगी पडतात. 'माझा कॅटचा स्कोअर चांगला आहे, सीईटी कशाला' असं म्हणून बसलात, तर कॅपमध्ये महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून तुमचं नावच येणार नाही.

महाराष्ट्राचे उमेदवार कोण

फॉर्ममध्ये टाइप ए, बी, सी, डी, ई असे पर्याय येतात आणि मुलं इथे अंदाजाने टिचकी मारतात. शिक्षण महाराष्ट्रात झालं असेल आणि जन्म किंवा अधिवासही इथलाच असेल, तर टाइप ए. शिक्षण बाहेर झालं, पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे, तर टाइप बी. पणजीत वाढलेल्या आणि वडील मूळचे सावंतवाडीचे असलेल्या मुलाला हा मार्ग खुला असतो, पण वडिलांचा दाखला प्रत्यक्ष हातात लागतो, नुसतं मूळ गाव सांगून भागत नाही. सी आणि डी हे महाराष्ट्रात नेमणूक असलेल्या केंद्रीय आणि राज्य कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी.

टाइप ई बेळगाव, निपाणीकडच्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो आहे. दोन्ही गोष्टींचे दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. माहितीपत्रकाच्या शेवटी हे नमुने असतात. त्यांची प्रिंट काढून शाळेतून सही-शिक्का आधीच घ्या, कारण सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत.

कागद

दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, सीईटीचं स्कोअरकार्ड. एवढं सर्वांना लागतं. दाखल्यावर 'राष्ट्रीयत्व: भारतीय' असं लिहिलेलं असेल तर तोच पुरावा म्हणून चालतो. ती ओळ कोरी असेल, तर पासपोर्ट किंवा राष्ट्रीयत्वाचा दाखला शोधावा लागतो. आजच कपाटातून दाखला काढून ती ओळ बघा.

सीजीपीएवाल्यांसाठी वेगळी डोकेदुखी. गुणपत्रिकेवर ७.८२ लिहिलंय, फॉर्म टक्के मागतोय आणि मुलं सरळ दहाने गुणून मोकळी होतात. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. रूपांतराचा दाखला कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून घ्या आणि त्यावरचाच आकडा भरा.

आरक्षणासाठी जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. व्हॅलिडिटी अजून हातात नसेल, तर समितीकडे अर्ज केल्याची पावती तात्पुरती चालते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला दिलं नाही तर उमेदवार खुल्या गटात जातो. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअरही हवं. ते चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. गेल्या वर्षीचं लॅमिनेट करून ठेवलेलं प्रमाणपत्र चालत नाही. ईडब्ल्यूएसच्या बाबतीत केंद्राच्या नमुन्यातला आणि राज्याच्या नमुन्यातला दाखला वेगळा आहे. बँकेच्या परीक्षेसाठी काढलेला केंद्राचा दाखला अनेक जण इथे अपलोड करतात आणि तो परत येतो.

नावांचंही बघून घ्या. दहावीला आईचं नाव एक, पदवीला दुसरं, लग्नानंतर आडनाव तिसरं, असं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

कॅप कसा चालतो

सीईटी दिली म्हणजे कॅपची नोंदणी झाली, असं नाही. ती वेगळी करावी लागते, तिची फी वेगळी. कागद अपलोड केल्यावर पडताळणी ऑनलाइन करून घ्यायची की सुविधा केंद्रावर जाऊन, हे तुम्हीच निवडता. आरक्षण किंवा नावाचा गुंता असेल तर सुविधा केंद्र बरं, समोरासमोर बोलता येतं. ऑनलाइन निवडलंत तर रोज लॉगिन बघा. चूक काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि मुलं 'सबमिट झालं' म्हणून निवांत असतात.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तक्रारीची मुदत आणि अंतिम यादी. तक्रारीच्या त्या दोन-तीन दिवसांत आपला गट, टक्के, टाइप बरोबर छापलेत का ते पाहायचं. नंतर कुणी ऐकत नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये पसंतीक्रम मनापासून लावा. 'आपल्याला बजाज काही मिळणार नाही' म्हणून ते खाली टाकणं आणि हमखास मिळेल ते कॉलेज पहिलं लिहिणं, हा सर्वांत महागडा हिशेब. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली, तर ती आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होते आणि पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. खालची पसंती लागली तर ती स्वीकारून बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची संधी, ठेवता येतं. पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की आधीची जागा सुटते, परत मागता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही असं कॉलेज यादीत कुठेच लिहू नका.

पैसे

विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ती कॉलेजवार दिसते. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी पडताळून घ्या.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती पूर्ण मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज सगळे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत आणि खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. जवळचं कॉलेज कॅपमध्ये हुकलं म्हणून संस्था पातळीवर तीच जागा घेणाऱ्या मुलीच्या घरच्यांना हा फरक बहुधा फीची पावती बघूनच कळतो.

प्रवेश रद्द करायचा झाला तर कट-ऑफ तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा. १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. कॉलेजात अर्ज देऊन आलो, असं म्हणून चालत नाही, पोर्टलवरचा रद्दीकरणाचा अर्ज महत्त्वाचा. त्याची प्रिंट काढून कॉलेजच्या शिक्क्यासह पोच घ्या.