कथेतील उपमा

कथेच्या गद्यात एखाद्या वस्तूचे, व्यक्तीचे, क्रियेचे वा मनःस्थितीचे तिच्याहून भिन्न अशा दुसऱ्या गोष्टीशी असलेले साम्य वाचक शब्दाने, म्हणजे ‘सारखा’, ‘प्रमाणे’ अशा साम्य दाखवणाऱ्या शब्दाने, उघड सांगणारी रचना. उपमेय (ज्याला उपमा दिली ते), उपमान (ज्याची उपमा दिली ते), साधारण धर्म (दोहोंतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द ही तिची चार अंगे शालेय व्याकरणापासून परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही. श्लोकातली वा ओवीतली उपमा सुटी काढूनही आस्वादता येते. कथेतली उपमा निवेदनात गुंतलेली असते. ती कोणाच्या तरी तोंडची किंवा कोणाच्या तरी नजरेची असते, आणि ती कोणाची हे कळल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही.

उपमेच्या जुन्यात जुन्या व्याख्यांपैकी एक यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथात (३.१३) सापडते. ‘यदतत् तत्सदृशम्’, म्हणजे जे ते नव्हे पण त्यासारखे आहे, ते उपमेचा विषय होते, असे गार्ग्य या आचार्याचे मत यास्काने तेथे नोंदवले आहे. यास्काचा काळ साधारणपणे इ. स. पू. सातवे ते पाचवे शतक असा धरतात, पण तो पाणिनीच्या आधीचा की नंतरचा याविषयी एकमत नाही. पाणिनीने ‘तेन तुल्यं क्रिया चेद्वतिः’ (५.१.११५) या सूत्रात ‘वत्’ प्रत्ययाला क्रियेच्या साम्याची अट घातली आणि लगेच पुढच्या ‘तत्र तस्येव’ (५.१.११६) या सूत्रात त्याचा आणखी एक वापर सांगितला. वस्तू वस्तूसारखी असणे आणि कृती कृतीसारखी असणे यांतला भेद अलंकारशास्त्र उभे राहण्यापूर्वीच वैयाकरणांच्या लक्षात आला होता, हे यावरून दिसते. मराठी कथेच्या वाक्यरचनेत हाच भेद पुन्हा भेटतो.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, पुढे त्यांची संख्या वाढत गेली. भामह व दंडी या संस्कृत अलंकारशास्त्रकारांत आधीचा कोण, हा वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाजला. पांडुरंग वामन काणे यांचा कल दंडीला आधीचा मानण्याकडे होता, तर सुशीलकुमार डे यांनी भामहाला आधी ठेवले. अलीकडच्या अभ्यासकांचा कौल बहुतांशी भामहाच्या बाजूने असून दोघांनाही इ. स. सातव्या शतकाच्या आसपास ठेवणे सोयीचे ठरते. कथेच्या अभ्यासकालाही या वादाशी कर्तव्य आहे. मेधावी नावाच्या आचार्याने सांगितलेले हीनता, असंभव, लिंगभेद, वचनभेद, विपर्यय, उपमानाचे आधिक्य आणि असदृशता हे सात उपमादोष भामहाने नोंदवले आहेत. दंडी मात्र ‘काव्यादर्शा’च्या दुसऱ्या परिच्छेदात म्हणतो, ‘न लिङ्गवचने भिन्ने न हीनाधिकतापि वा । उपमादूषणायालं यत्रोद्वेगो न धीमताम् ॥’ लिंग वा वचन वेगळे असले, उपमान कमी वा अधिक प्रतीचे असले, तरी जाणत्याला ते खटकत नसेल तर उपमा दूषित होत नाही. भामह आधीचा मानला तर हा श्लोक कडक नियमाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो आणि दोषाचा निवाडा नियमाकडून वाचकाकडे आलेला दिसतो. गद्यकथेला हाच निवाडा मानवतो. तिच्यात शिळी भाकरी, गोठ्यातला ओलावा, फाटके जोडे अशी ‘हीन’ उपमाने येतात आणि ती तशी असतात म्हणूनच नेमकी बसतात. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी ‘काव्यादर्श’ इंग्रजी भाषांतरासह १९२४ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केला. पुण्यात अध्यापन केलेल्या रा. श्री. जोग यांच्या ‘अभिनव काव्यप्रकाश’ (१९३०) या ग्रंथाने काव्यशास्त्राची चर्चा मराठी विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडिताने ‘सुंदर’ आणि ‘वाक्यार्थाला उपस्कारक’ (वाक्याच्या अर्थाला खुलवणारे) असे सादृश्य म्हणजे उपमालंकार, अशी व्याख्या केली. यातील वाक्यार्थाच्या जागी कथार्थ ठेवला, तर कथेतील उपमेची कसोटी हाती येते असे प्रस्तुत नोंदकारास वाटते. वाक्य सजवणारी पण कथेला काही न देणारी उपमा कवितेत एक वेळ खपते. कथेत ती ओझे होते.

मराठीत साधर्म्य दाखवणारे शब्द अनेक असले तरी कथेचा मुख्य भार ‘सारखा’ आणि ‘प्रमाणे’ यांच्यावर असतो. ‘सारखा’ हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’पासून प्राकृतातून आला असे मानतात, ज्ञानेश्वरीत त्याचे ‘सारिखा’ हे रूप आढळते. व्याकरणाच्या पुस्तकांत दोन्ही शब्द योग्यतावाचक शब्दयोगी अव्ययांत शेजारी शेजारी ठेवलेले असतात, परंतु त्यांची वागणूक वेगळी आहे. ‘सारखा’ उपमेयाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, ‘प्रमाणे’ बदलत नाही. ‘ती वाघासारखी धावून आली’ या वाक्यात ‘सारखी’ या रूपामुळे वाघपण त्या बाईला चिकटते. ‘ती वाघाप्रमाणे धावून आली’ यात ते धावून येण्यापुरतेच राहते आणि बाई बाजूला सुटी उरते. बोलताना हा फरक कोणी पाळत नाही, पण चांगला कथाकार तो कानाने पाळतो. ‘जसा–तसा’ची जोडी दोन पूर्ण उपवाक्ये मागते, त्यामुळे कथन संथ होते; कीर्तनात आणि ओवीत ती शोभते, घाईच्या प्रसंगात अडखळवते. ‘जणू’ आला की रचना उत्प्रेक्षेकडे, म्हणजे उपमेय हे उपमानच असावे अशा कल्पनेकडे, झुकते. ‘झोपल्यासारखा पडून राहिला’, ‘रडल्यासारखा आवाज’ यांतील ‘सारखा’ कृदंताला लागलेला आहे. तो साम्यापेक्षा निवेदकाची अनिश्चिती सांगतो, म्हणून त्याला उपमेत धरू नये. ‘गत’ आणि ‘वानी’ हे बोलींतले वाचक शब्द ग्रामीण व दलित कथेत मुख्यतः संवादांत येतात आणि काही लेखकांच्या निवेदनातही उतरतात. तसे झाले की निवेदक त्याच वस्तीतला आहे हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी कथेतील उपमेचा उगम कोठे शोधावा याविषयी तीन मते संभवतात. पहिले मत संस्कृत गद्यकाव्याकडे बोट दाखवते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ना. स. रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्यांतील वर्णनांचे अलंकृत वळण त्याच्या बाजूने देता येते. दुसरे मत इंग्रजी कथेच्या वाचनाला आणि नियतकालिकांतील रूपांतरांना श्रेय देते. तिसरे मत दृष्टांतपरंपरेचे आहे. महानुभाव पंथातील केसोबासाच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांचे ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक (दृष्टांत सूत्राला लावून दाखवणारा भाग) अशी आहे. ग्रंथाचा काळ तेराव्या शतकाची अखेर असा धरतात. महानुभाव ग्रंथांच्या पाठभेदांचा प्रश्न मोठा असल्याने शब्दशः आधार घेताना जपावे लागते. त्यांतल्या हत्तीच्या दृष्टांतात आंधळे हत्तीला चाचपतात. पायाला हात लागलेल्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. सूत्राच्या दृष्टीने हा अपुऱ्या ज्ञानाचा दाखला आहे. कथेच्या दृष्टीने मात्र येथे प्रत्येक उपमा एकेका माणसाच्या हाताची आहे, आणि खांब व सूप ही उपमाने त्या माणसांच्या घरातली आहेत. शास्त्रदृष्ट्या दृष्टांत हा उपमेहून वेगळा अलंकार आहे. त्यात वाचक शब्द नसतो आणि दोन स्वतंत्र वाक्यांत बिंबप्रतिबिंबभाव असतो, म्हणजे एक दुसऱ्याचे प्रतिबिंब असावे तसे नाते असते. त्यामुळे रचनेचा वारसा या परंपरेकडून आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु उपमान कोठून उचलावे याची सवय, म्हणजे चूल, गोठा, शेत, बाजार यांतून साम्य शोधण्याची सवय, तेथूनच चालत आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपमान काय काम करते हे एका वाक्यावरून पाहता येईल. ‘जिन्याचा कठडा ताकाच्या रवीच्या दांड्यासारखा गुळगुळीत झाला होता.’ वाक्य नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याबद्दलचे आहे असे धरू. साधारण धर्म गुळगुळीतपणा, तो शब्दाने सांगितलेलाच आहे. पण रवी आली की तिच्याबरोबर दोरी ओढणारे हात, पहाटेचे ताक, सासू आणि तिच्यामागून सून अशा दोन-तीन पिढ्या येतात. कठड्यावरून किती तळवे घासून गेले हे न सांगता कळते, आणि हे पाहणारी व्यक्ती स्वयंपाकघराशी जवळीक असलेली आहे हेही कळते. आता रवीच्या जागी संगमरवर ठेवून पाहावे. गुळगुळीतपणा तसाच राहतो, पण लाकूड थंड होते, माणसांचे हात निघून जातात आणि पाहणारा देवळात किंवा एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात वावरलेला वाटू लागतो. साबणाची वडी ठेवली तर कठडा झिजून संपत चालल्याची भावना येते. वाडा पाडायला काढलेला असेल तर ती नेमकी ठरेल. तिन्ही उपमा निर्दोष आहेत. कोणती ठेवायची हे कथेने ठरवायचे असते. कादंबरीकाराला वाड्याचा इतिहास सांगायला एक प्रकरण मिळते, कथाकाराला कित्येकदा हे एकच वाक्य मिळते.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातील स्फुट गोष्टींचे गद्य घरगुती बोलण्याच्या जवळ जाणारे आहे. पुढच्या काळात वि. स. खांडेकरांच्या कथेत अलंकारांची रेलचेल झाली. त्यांतील अनेक उपमा सुभाषितासारख्या सुट्या काढता येतात, आणि हेच त्यांचे आकर्षण व मर्यादाही मानले गेले. १९४५ नंतरच्या नवकथेने सुट्या निघणाऱ्या उपमेकडे संशयाने पाहिले. गंगाधर गाडगीळांच्या कथेत उपमान पात्राच्या अस्वस्थ जाणिवेतून येते. पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ पाहिलेले व्यंकटेश माडगूळकर उपमा मोजकी वापरतात आणि ती माणदेशाच्या माळावरची, जनावरांची, पिकापाण्याची असते. जी. ए. कुलकर्णी याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांच्या कथेत उपमा दाट येतात, लांबतात आणि कथेत पुन्हा पुन्हा उमटून प्रतिमेचे रूप घेतात. हा दाटपणा काही समीक्षकांना जड वाटला आहे. तथापि त्यांतील बऱ्याच उपमा काढून घेतल्या तर कथेचा अर्थच निसटतो, म्हणून जगन्नाथाच्या कसोटीवर त्या उतरतात असे म्हणावे लागेल.

उपमेचे आयुष्य उपमानाच्या ओळखीवर अवलंबून असते. जाते, मोट, कंदील, पोतेरे ही एके काळी मराठी कथेतील हुकमी उपमाने होती. वर घेतलेल्या उदाहरणातली रवीही आता पुण्यातल्या पुष्कळ घरांत उरलेली नाही, ताक यंत्रात घुसळले जाते. अशा वाचकापुढे वाक्य उलटे चालू लागते. कठड्याचा गुळगुळीतपणा त्याने स्वतः अनुभवलेला असतो, आणि त्यावरून तो रवीच्या दांड्याची कल्पना करतो. जुन्या आचार्यांच्या यादीत विपर्यय हा दोष आहे, पण तो उपमेय आणि उपमान यांच्या प्रतीसंबंधी आहे; काळ गेल्यामुळे वाचकाच्या मनात होणाऱ्या या अदलाबदलीला त्यांच्या यादीत नाव नाही.