चामखिळीला मूळ नसतं

‘वरवर कापून काय उपयोग? मूळ निघायला हवं.’ चामखिळीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पुरावा म्हणून तिच्यावरचे काळे ठिपके दाखवले जातात, ही बघा मुळं म्हणून. शब्दही या समजुतीला साथ देतो. चाम म्हणजे कातडं, खीळ म्हणजे खिळा. कातड्यात ठोकलेला खिळा उपटल्याशिवाय कसा जाईल?

पण चामखिळीला मूळ नसतं. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या भागात, बाह्यत्वचेत वाढते. खालच्या थराला ती दाबते, पण त्यात शिरत नाही. ते काळे ठिपके म्हणजे रक्त गोठून काळवंडलेल्या केशवाहिन्या.

मग काढलेली चामखीळ पुन्हा का उगवते? कारण ती विषाणूमुळे येते. १९०७ साली ज्युसेप्पे च्युफो या इटालियन डॉक्टरने चामखिळीचा अर्क जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळला आणि टोचला, तरी चामखीळ आली. हा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, माणसालाच होतो. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येते असंही म्हणतात, पण त्याच्या पाठीवरचे फोड म्हणजे त्याच्या ग्रंथी; त्यांना हात लावून चामखीळ येत नाही. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत. हातापायांवर चामखिळी आणणारे प्रकार वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारे १६ व १८ हे वेगळे.

आता त्याची राहण्याची पद्धत पाहा. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचा एक थर सतत विभागत असतो. तिथे जन्मलेली पेशी वर सरकते, विभागणं थांबवते, केराटिन या टणक प्रथिनाने भरते आणि काही आठवड्यांनी मरून गळून पडते. बारीकशा खरचटण्यातून विषाणू थेट तळाच्या थरात पोचतो आणि तिथे आपल्या मोजक्याच प्रती ठेवून गप्प बसतो. त्याच्या डीएनएची लांबी जेमतेम ८,००० बेस-जोड्यांची, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्याच पायऱ्यांची. डीएनएच्या प्रती काढणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही, ते पेशीकडून घ्यावं लागतं. पण वर सरकणाऱ्या पेशीने तर ती यंत्रणा बंद केलेली असते! इथे विषाणूचं ई-७ हे प्रथिन कामाला येतं. पेशीतलं आरबी प्रथिन ई-२-एफ या प्रथिनाला धरून ठेवतं आणि विभाजनाला लगाम घालतं. ई-७ आरबीला चिकटतं, ई-२-एफ सुटतं, प्रती काढण्याची जनुकं पुन्हा चालू होतात. थांबायला हव्या होत्या त्या पेशी थांबत नाहीत, थरांवर थर चढतात. तोच तो खडबडीत उंचवटा.

विषाणूचं कवच तयार होतं ते अगदी वरच्या, मरायला टेकलेल्या पेशींत. पेशी फोडायची गरजच नाही, ती आपोआप गळणार असते. रक्तात विषाणू उतरत नाही, सूज नाही, आरडाओरडा नाही. प्रतिकारशक्तीला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही तो यामुळे.

पत्ता लागला की मात्र चामखिळी आपणहून जातात. मुलांमध्ये साधारण निम्म्या चामखिळी वर्षभरात गेलेल्या असतात. म्हणूनच प्रत्येक तोडगा ‘लागू’ पडतो: चामखीळ जायच्या बेतात असताना केलेल्या शेवटच्या उपायाला श्रेय मिळतं.

या विषाणूला नेमकं मारणारं औषध आजही नाही. सॅलिसिलिक आम्ल थर सोलून काढतं, उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पेशी गोठवून मारतो. दोन्हींमुळे होणारी जळजळ प्रतिकारशक्तीला जागं करत असावी. एकाच चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचल्यावर काही रुग्णांच्या दूरच्या चामखिळीही जातात, हे मला फार विलक्षण वाटतं.

पायावरचं कुरूप आणि चामखीळ यांतला फरक ओळखायचा कसा? चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटतात, कुरुपावर त्या सलग राहतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, तळपायाची चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. मान-काखेत लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही चामखीळच म्हणतात, पण त्या वेगळ्या आणि निरुपद्रवी.

चेहऱ्यावर, जननेंद्रियावर किंवा मधुमेह असताना पायावर घरी आम्ल लावू नये. जखम भरत नसेल, रक्त येत असेल, रंग किंवा आकार बदलत असेल, उतारवयात नवीच वाढ आली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. नखाजवळचा किंवा तळव्यावरचा कर्करोग कधी कधी हुबेहूब चामखिळीसारखा दिसतो. तो ओळखायला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.