इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य नाही

इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही आला तर मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, असे नागपुरातल्या पालकसभांत आजही ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. एका भाषेत कमावलेली वाचनाची व अर्थ लावण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही कामी येते, हे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडले होते.

तिसरीतले मूल ‘आय ऑरेंज ईट’ म्हणते, तेव्हा ते निष्काळजी नसते. ‘मी संत्रा खातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि तीच रचना ते इंग्रजीत नेते. बाईंनी हे मराठी वाक्य आणि ‘आय ईट ॲन ऑरेंज’ हे बरोबर इंग्रजी वाक्य फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘खातो’ आणि ‘ईट’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि क्रियापदाची जागा कशी बदलली हे मराठीत विचारले, तर जे पाच मिनिटांत उमगते, तेच निव्वळ इंग्रजीतून समजावताना अख्खा तास जाऊ शकतो.

अर्थात प्रत्येक वाक्याचे भाषांतर पुरवणेही घातकच, कारण मग मूल इंग्रजी ऐकण्याची तसदीच घेत नाही. गाणी, खेळ आणि रोजच्या सूचना इंग्रजीतच हव्यात. मूल अडते तिथे मराठी यावी.