नुसता गरुडाचा फोटो पाठवू नका, मागची बाजू पण पाठवा

जर्मनीतली जुनी चांदीची नाणी, म्हणजे हातोड्याने ठोकून पाडलेली, ओळखायला पाठवताना बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो टाकतात. दोन डोक्यांचा गरुड, भोवती सम्राटाचं नाव, आणि खाली, "रुडॉल्फ दुसऱ्याचं नाणं आहे, किती येतील?"

अहो, नाव रुडॉल्फचं असलं तरी नाणं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं असतं. तिकडे शहरं, बिशप, सरदार, ज्याला हक्क मिळाला तो टांकसाळ चालवायचा आणि 1559 च्या नाणे-कायद्याने एका बाजूला सम्राटाचं नाव आणि गरुड घालायला लावला होता. आपल्याकडे पेशवाईतल्या रुपयावर शाह आलमचं नाव असायचं आणि आपण अंकुश बघून अंकुशी ओळखतो ना, अगदी तसंच. खरी ओळख मागच्या चिन्हात. एक किल्ली असेल तर ब्रेमेन, एकमेकींवर तिरप्या दोन किल्ल्या असतील तर रेगेन्सबुर्ग, तीन मुकुट कोलोनचे, पाइनचं बोंड आउग्सबुर्गचं. सम्राटाच्या नावावरून फक्त काळ कळतो, रुडॉल्फ असेल तर 1576 ते 1612.

गरुडाच्या छातीवरच्या गोळ्यात 24 दिसलं तर ते साल नाही, किंमत आहे, थालरचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या चांदीच्या नाण्याचा, चोविसावा भाग.

आणि वजन कळवा प्लीज, सोनाराकडे दोन मिनिटांत करून मिळतं. 1566 नंतरचा राइशथालर, म्हणजे साम्राज्याने ठरवून दिलेला थालर, 29 ग्रॅमच्या थोडा वर भरायला हवा, 26 च भरला तर कडा कातरलेल्या असतील, किंवा ओतीव नकली असेल. वरच्या कडेला डाग दिल्यासारखी खूण दिसली तर कधीतरी कडी लावून गळ्यात घातलेला असतो, तो खरा असला तरी भाव उतरतो. वेडीवाकडी कड आणि अर्धवट उमटलेली अक्षरं मात्र चालतात, हाताने ठोकलेलं आहे ते. चिंच लावून घासू नका, काळपट आहे तसंच राहू द्या.

एका फोटोवर आम्ही भाव सांगत नाही, त्यावरून काही जण नाराज होतात. पण चुकीच्या शहराचा भाव सांगितला तर नुकसान तुमचंच आहे. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक नाण्यासोबत टांकसाळ, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो असलेली चिठ्ठी मिळते. तुमच्याकडच्या नाण्याची तशी चिठ्ठी हवी असेल तर दोन्ही बाजू दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, सोबत वजन लिहा, लगेच बघतो.