औषधजन्य हिरडीवृद्धी

काही औषधे नियमित घेतल्याने हिरड्या जाड होऊन दातांवर चढू लागतात. अपस्मारावरील फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आले आणि वर्षभरातच त्याचा हा दुष्परिणाम नोंदवला गेला. रक्तदाबाच्या निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन, व्हेरापामिल यांसारख्या गोळ्या आणि अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन ही इतर मुख्य कारणे. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना हा त्रास होतो. अ‍ॅम्लोडिपिनने तो क्वचित होतो, पण ही गोळी घेणारे असंख्य आहेत, आणि ‘बीपीची गोळी चालू आहे’ हे दातांच्या डॉक्टरांना सांगायचे अनेकांना सुचतच नाही.

सुरुवात साधारण एक ते तीन महिन्यांत, बहुधा पुढच्या दातांपासून होते. दोन दातांमधले हिरडीचे टोक मण्यासारखे फुगते, शेजारचे मणी एकमेकांना भिडतात आणि दात अर्धाअधिक झाकला जातो. ही वाढ घट्ट, फिकट गुलाबी असते व दुखत नाही. मात्र तिच्याखाली ब्रश पोहोचत नाही, कीटण साचते, मग हिरडी लाल होऊन रक्त येते. औषधामुळे हिरडीतील जुने कोलॅजन (हिरडीला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) मोडण्याचे काम मंदावते आणि दातांवरचा जंतूंचा थर त्या वाढीला खतपाणी घालतो. दात नसलेल्या जागी ही वाढ सहसा होत नाही, ती यामुळेच.

म्हणून पहिला उपचार स्वच्छतेचा. स्केलिंग करून कीटण काढावे, ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरावा, फटींसाठी बारीक ब्रश वापरावा. गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये. फेनिटॉइन एकाएकी थांबवल्यास न थांबणारे झटके येऊ शकतात, सायक्लोस्पोरिन थांबवल्यास रोपण केलेला अवयव गमवावा लागू शकतो. औषध बदलायचे ते मूळ डॉक्टरांनीच: फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटाम, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस, अ‍ॅम्लोडिपिनऐवजी दुसऱ्या गटातील गोळी. त्यानंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत वाढ ओसरू लागते. जुनी, तंतुमय झालेली हिरडी मात्र पुरती उतरत नाही. ती जागा बधिर करून जादा भाग तिरका कापतात; जखमेवरचा लेप सात ते दहा दिवस ठेवतात. मूळ औषध चालूच राहिले आणि स्वच्छता ढिली पडली, तर हिरडी पुन्हा वाढते.

असे कोणतेही औषध चालू नसताना हिरड्या झपाट्याने सुजल्या, सोबत ताप, थकवा किंवा अंगावर काळे-निळे डाग असतील, तर आधी रक्त तपासावे. रक्ताच्या कर्करोगातही हिरड्या अशाच फुगतात.