धातू जंतू मारतो, पण अन्नातही उतरतो

सांगलीत आमच्या जुन्या घरी तांब्याचा एक हंडा होता आणि पितळेची तीन पातेली. हंड्यात प्यायचं पाणी रात्रभर राहायचं, त्याला आतून कल्हई कधीच नव्हती. पातेल्यांना मात्र दरवर्षी कल्हई व्हायचीच. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसायचा. पातेलं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर डोळ्यांत जायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं सफाईनं एक हात मारला की पिवळं पितळ आतून पांढरंशुभ्र व्हायचं. कल्हई उडालेल्या पातेल्याकडे बोट दाखवून आजी आईला बजावायची, "त्यात ताक ठेवू नकोस गं, कळकेल."

पाण्याला उघडं तांबं चालतं आणि ताकाला चालत नाही, हा भेद मला पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना नीट कळला. अन्नातले घातक जंतू मारण्यासाठी धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, वापरण्यावर सध्या पुष्कळ काम चाललं आहे. त्यामागचा इतिहास वाचताना मला सारखी ही दोन भांडी आठवतात. धातू जंतूला मारतो हे माणसाला फार पूर्वी उमगलं. तो अन्नात किती उतरतो, हे मोजायला मात्र खूप उशीर झाला.

शास्त्रात याची पहिली ठळक नोंद स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांची. पाण्यात तांब्याचा अगदी नगण्य अंश असला तरी त्यातलं शेवाळ मरतं, हे त्यांनी पाहिलं. त्यांचा हा लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८९३ साली प्रसिद्ध झाला. हंड्यातल्या पाण्याची कसून परीक्षा व्हायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं गेली. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलरा, आमांश आणि टायफॉइडच्या कुळातले जंतू मुद्दाम पाण्यात सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. जंतू वाढवून पाहिले तर एकही उगवला नाही, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरंच आत होतं. ताक आंबट असतं. त्यातलं आम्ल धातू विरघळवतं, म्हणून तिथे हा हिशेब चुकतो.

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला तांब्याची ही ताकद वेगळी सांगायला नको. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि कळीचा चुना यांचं बोर्डो मिश्रण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फवारलं जातं. त्याची जन्मकथा फ्रान्समधल्या बोर्दो भागातली. रस्त्याकडेचे घड लोक तोडून नेतात म्हणून तिथले बागायतदार कडेच्या वेलींवर हे निळसर मिश्रण लावायचे. वनस्पतिशास्त्रज्ञ पियेर मिलार्दे यांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, पडलेला नाही. त्यांनी १८८५ साली ते जगापुढे मांडलं. त्याच वर्षी जर्मनीत थिओडोर एशरिश यांनी लहान मुलांच्या शौचातून एक जंतू वेगळा काढला. आज दूषित अन्नाची तपासणी ज्याच्याशिवाय होत नाही तो ई. कोलाय हाच. 

जस्ताची गोष्ट आपल्या घराच्या आणखी जवळची आहे. अंगाला खाज सुटली की लावतात त्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये झिंक ऑक्साइडच असतं. आयुर्वेदातलं यशद भस्मही मुख्यतः तेच. २००९ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी हे भस्म तपासलं तेव्हा त्यात नॅनो आकाराचे कण सापडले. त्यावरून 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणणं मला पटत नाही. वैद्यांनी भस्म औषध म्हणून केलं होतं, अन्नातला जंतू ही कल्पनाच त्या काळी नव्हती. पण पुट देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भट्टीत भाजून, धातू इतका बारीक करता येतो, हे त्यांना हातानं साधलं होतं, आणि त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

खरं वळण जपानमध्ये आलं. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन घडवता येतं. १९८५ साली मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती जंतूंवर वापरली. प्लॅटिनम जोडलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड आणि दिव्याचा प्रकाश एवढ्यावर ई. कोलाय आणि यीस्ट मेले. पुढच्या दशकात जपानमध्येच जुन सावाई यांनी झिंक, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साइडांची पूड तपासली. त्यात प्रकाशाशिवायही जंतू मरताना दिसले. अन्नाच्या दृष्टीनं हे फार मोलाचं ठरलं, कारण अन्न बहुधा डब्यात, फ्रिजमध्ये, अंधारातच असतं. २००२ साली अमेरिकेत क्लाबुंड यांच्या गटानं मॅग्नेशियम ऑक्साइडचे नॅनोकण वापरून असेच निकाल मिळवले.

पूड तीच, मग नॅनो केल्यानं काय बदलतं? मी वर्गात गुळाच्या खड्याचा हिशेब मांडते. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढं क्षेत्र. त्याच खड्याचे दहा नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर भरतो. जवळजवळ सहा गुंठे! शेतकऱ्यांची मुलं हा आकडा ऐकून वहीत पुन्हा गणित करून बघतात, आणि ते मला आवडतं. जंतूशी झटापट होते ती या पृष्ठभागावर. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिजनची तिखट रूपं तयार होतात, जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात, आणि कण चिकटून जंतूचं बाहेरचं आवरण फाटतं. या तिन्हींत कोणाचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

२००० नंतर या विषयाचं पेव फुटलं. हा शब्दप्रयोग आपण सांगलीकर जरा हक्कानं वापरतो. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची खरीखुरी पेवं होती, जमिनीखाली खणलेली. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन संपायचा, किडीला आणि बुरशीला जगणं अवघड व्हायचं आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, हे तिथल्या हमालांना पक्कं ठाऊक. २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच पेवं निकामी झाली. अन्न टिकवायचं ते त्यात काहीही न मिसळता, असा तो मार्ग होता, म्हणून त्याचं जाणं मला जास्त लागतं.

बुरशीचं भय किती खरं आहे, ते १९६० साली इंग्लंडमध्ये दिसलं. तिथे लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तर कारण खाद्यातली भुईमुगाची पेंड निघाली. तिच्यावर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीनं अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केलं होतं. आपल्या भागात भुईमूग घरोघरी, म्हणून हे मी दरवर्षी शिकवते. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण प्रयोगशाळेत ही बुरशी रोखतात. पण आधीच तयार झालेलं विष बुरशी मेल्यावरही दाण्यात तसंच राहतं. शेंगा वेळेवर आणि नीट वाळवण्याला म्हणूनच अजून पर्याय नाही.

हे कण थेट अन्नात मिसळण्यापेक्षा वेष्टनात बसवण्याकडे आता कल आहे. प्लास्टिकच्या किंवा स्टार्चच्या पातळ फिल्ममध्ये झिंक ऑक्साइड घालायचं, म्हणजे फिल्मला लागून असलेले जंतू वाढत नाहीत. आणि इथेच आजीचा प्रश्न पुन्हा येतो. फिल्ममधलं किती जस्त अन्नात उतरतं? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं प्लास्टिकमधल्या झिंक ऑक्साइडचा अभ्यास करून सांगितलं की नॅनोकण कणरूपात बाहेर पडत नाहीत, पण जस्ताचे आयन उतरतात. प्रौढ माणसासाठी दिवसाला २५ मिलिग्रॅम जस्त ही तिथली वरची मर्यादा. रोजच्या जेवणातलं जस्त आणि वेष्टनातून आलेलं जस्त यांची बेरीज तिच्या आत राहायला हवी.

टायटॅनियमचा अनुभव आणखी कडक आहे. मिठाई, च्युइंगम, गोळ्या पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड कित्येक दशकं अन्नात सर्रास वापरलं गेलं, आणि त्यातले काही कण नॅनो आकाराचे असतात. २०२१ साली याच युरोपीय संस्थेनं सांगितलं की त्यानं जनुकांना इजा होत नाही अशी खात्री देता येत नाही. २०२२ साली युरोपीय संघानं अन्नातला त्याचा वापर बंद केला. भारतात २०२० साली जैवतंत्रज्ञान विभागानं शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चांगलं झालं. फक्त नॅनोचं नाव लावून माल विकणाऱ्यांनी त्या वाचल्या पाहिजेत, आणि विकत घेणाऱ्यांनी त्यांना त्याबद्दल विचारलं पाहिजे.

आमच्याकडे विद्यार्थी तुळशीच्या किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क जस्ताच्या क्षारात मिसळून झिंक ऑक्साइड करतात. पांढरा साका गाळायचा, वाळवायचा, भट्टीत तापवायचा. पेट्री डिशमध्ये जंतूंचा दुधी थर वाढवून मधल्या भोकात ती पूड पाण्यात कालवून टाकली की दुसऱ्या दिवशी भोकाभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. कडं दिसलं की पोरं खूश होऊन फोटो काढतात. मग मी त्यांना आणखी दोन परीक्षानळ्या घ्यायला लावते. एकीत त्यांचंच झिंक ऑक्साइड, दुसरीत टायटॅनियम डायऑक्साइड, दोन्हींत व्हिनेगर. हलवून ठेवायचं. टायटॅनियमची नळी चुना कालवलेल्या पाण्यासारखी गढूळच राहते. जस्ताची नळी हळूहळू निवळत जाते, आणि शेवटी पूड कुठे गेली ते डोळ्यांना दिसत नाही.