फ्रेमखाली दोन सालं: व्हिंटेज प्रिंट आणि नंतरची प्रिंट

कृष्णधवल स्ट्रीट फोटोग्राफीच्या प्रदर्शनात फ्रेमखालची पट्टी लोक नावापुरती वाचतात. फोटोग्राफर, शहर, साल, की निघाले पुढच्या फोटोकडे. त्या पट्टीवर पुष्कळदा दोन सालं असतात. ‘शिकागो, १९५६, प्रिंट २०१२’ अशा धाटणीची. पहिलं साल शटर दाबल्याचं, दुसरं कागदावर फोटो उतरल्याचं. दुसरं साल लिहिलेलंच नसेल तर समोरचा कागदही १९५६ चाच असं आपण धरून चालतो, आणि काही आयोजकांना ते सोयीचंही असतं.

फोटो टिपल्यानंतर थोड्याच काळात फोटोग्राफरने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली काढून घेतलेली प्रिंट ती व्हिंटेज. थोडा काळ म्हणजे किती, यावर विकणाऱ्यांचं एकमत नाही. साधारण पाच वर्षं धरतात, कुणी दहापर्यंत ताणतो. त्यापुढची सगळी ती नंतरची प्रिंट, मग ती फोटोग्राफरने म्हातारपणी काढलेली असो, नाहीतर तो गेल्यावर दुसऱ्या कुणी. निगेटिव्ह तीच असते, त्यामुळे नंतरच्या प्रिंटला नक्कल म्हणता येत नाही. तरीही बाजारात दोघींच्या किमतीत मोठी तफावत असते. विकत घ्यायला न आलेल्या माणसाला त्या किमतीशी काही घेणंदेणं नाही. त्याला मतलब असायला हवा तो वेगळ्याच गोष्टीशी: दोन कागदांवरचं चित्र बऱ्याचदा एकसारखं नसतं.

डार्करूममध्ये उभं राहिलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र; त्याखाली ब्रोमाईड पेपर (फोटोचा कागद) ठेवला, की पुढचे निर्णय निगेटिव्ह घेत नाही, माणूस घेतो. कागद सॉफ्ट घ्यायचा (काळ्यापांढऱ्यात कमी फरक दाखवणारा) की हार्ड (जास्त फरक दाखवणारा), उजेड किती सेकंद द्यायचा, चेहऱ्यावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवायचा का, पुठ्ठ्याला भोक पाडून आभाळाचा एखादा कोपरा जास्त भाजायचा, म्हणजे तिथे जास्त उजेड देऊन तो गडद करायचा का. कडेचा अर्धा माणूस कापायचा की राहू द्यायचा. यातला एकेक निर्णय फोटोचा स्वभाव बदलतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा रस्त्यावरचा फोटोग्राफर नव्हे, डोंगरदऱ्यांचा. पण न्यू मेक्सिकोत १९४१ साली टिपलेल्या चंद्रोदयाच्या त्याच्या फोटोइतकं सरळ उदाहरण दुसरं नाही. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ करडं आहे, वरचे ढग दिसतात. पुढच्या काही दशकांत त्याने स्वतःच्या हाताने त्याच निगेटिव्हच्या हजाराहून जास्त प्रिंट काढल्या आणि आभाळ काळं होत होत जवळजवळ शाईसारखं झालं. आज आपल्या डोळ्यांसमोर जो फोटो येतो तो त्या नंतरच्या, काळ्या आभाळाचा. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानो शिकलेला. निगेटिव्ह ही लिहून ठेवलेली सुरावट आणि प्रिंट हे तिचं वादन, असं तो म्हणे. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकलेल्या मराठी रसिकाला हे वेगळं समजावायला नको.

स्ट्रीट फोटोग्राफीत गुंता आणखी वाढतो, कारण या लोकांना प्रिंटचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचं काम रस्त्यावर. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ प्रिंट स्वतः काढत नसे, पॅरिसच्या लॅबकडे सोपवत असे. फ्रेम कापायची नाही हा त्याचा कटाक्ष मात्र प्रसिद्ध आहे. (साँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो हा ठळक अपवाद. कुंपणाच्या फटीतून टिपताना डावीकडे फळी आली होती, ती कापावी लागली.) त्या काळात प्रिंट निघायची ती मासिकाच्या संपादकासाठी. तळहातापेक्षा थोडी मोठी, फार तर आठ बाय दहा इंचांची, मागे एजन्सीचा शिक्का, चिकटवलेली टंकलिखित ओळ, कधी कापायच्या जागी संपादकाने मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा. छापून झाली की फाईलमध्ये. भिंतीवर लावायची वस्तू म्हणून फोटोची बाजारपेठ उभी राहिली ती मुख्यतः १९७० च्या दशकात. मग जुने फोटोग्राफर जुन्याच निगेटिव्हमधून मोठ्या, देखण्या, सही केलेल्या प्रिंट काढू लागले. त्यामुळे प्रदर्शनात १९३० च्या दशकातला फोटो दोन फुटी, स्वच्छ आणि सुरकुतीविना दिसला, तर तो कागद बहुधा नंतरचा.

आता व्हिवियन मायर. या विषयात तिच्याइतकी अवघड केस माझ्या माहितीत नाही.

जन्म न्यूयॉर्कचा, १९२६ चा. लहानपणाची काही वर्षं आईच्या मुलखात, फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी. १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, १९५६ मध्ये शिकागोला गेली आणि आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळत राहिली. गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा, पोटाशी धरून वरून पाहायचा, एका रोलवर चौकोनी बारा फोटो. मुलांना फिरवता फिरवता तिनं लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. भाडं थकल्याने तिचं भाड्याच्या गोदामातलं सामान २००७ मध्ये लिलावात गेलं. शिकागोतल्या एका वस्तीवरच्या पुस्तकासाठी जुने फोटो शोधणाऱ्या जॉन मालूफने त्यातली निगेटिव्हची पेटी जेमतेम चारशे डॉलरना घेतली. एप्रिल २००९ मध्ये ती वारली. त्याच वर्षी मालूफने तिचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि जगभर गवगवा झाला. जानेवारी २०११ मध्ये शिकागो कल्चरल सेंटरमध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरलं.

तिच्या प्रदर्शनांत आपण जे मुख्यतः पाहतो ते तिनं कधीच पाहिलं नाही. पूर्ण चौकोन, बारा इंची, रेशमी करडे रंग, पंधराच प्रतींची आवृत्ती, मागे संग्राहकाची सही. चौकोन पूर्ण ठेवायचा हा निर्णय दुसऱ्यांचा. काळा किती काळा हाही दुसऱ्यांचाच. आणि लाखातले हेच शेदोनशे फोटो निवडायचे, हा तर सर्वांत मोठा निर्णय. शेकडो रोल तिनं धुतलेच नव्हते, तेही तिच्यानंतर धुतले गेले.

बरं, तिच्या हयातीतल्या प्रिंट अगदीच नाहीत असंही नाही. काही हजार आहेत: काही तिच्या स्वतःच्या हातच्या, बऱ्याच लॅबमधून करून घेतलेल्या, छोट्या, काही दुमडलेल्या. त्या पाहिल्या की आपली मायर थोडी डगमगते. तिनं चौकोन सर्रास कापलेला आहे. आजूबाजूचा रस्ता काढून टाकून एका चेहऱ्यावर ती येते. प्रशस्त, समतोल रचनेची, चौकोनाची उस्ताद म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती मायर अर्धी तिची आणि अर्धी तिच्या प्रिंट काढणाऱ्यांची आहे, असं माझं मत. नव्या प्रिंट वाईट मुळीच नाहीत, अतिशय सुंदर आहेत. पण तिनं कापलेली एक छोटी, पिवळट प्रिंट आणि शेजारी तोच पूर्ण चौकोन असं जोडीनं लावलेलं मला दहा भव्य फ्रेमांपेक्षा जास्त आवडेल. प्रदर्शनं हे क्वचितच करतात. छोटी प्रिंट काचेच्या पेटीत सपाट ठेवतात, दस्तऐवज असल्यागत, आणि भिंत मिळते नवीला.

अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँडची गोष्ट याच जातीची, पण हिशेब वेगळा. तो नावाजलेला होता, म्युझियममध्ये लागलेला होता. धुण्याची घाई करू नये, टिपतानाचा उत्साह ओसरल्यावरच फोटो पाहावा, म्हणून तो रोल वर्ष-दोन वर्षं पडू देई. १९८४ मध्ये तो कॅन्सरने गेला तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले, आणि धुऊन झालेले पण त्याने नीट न पाहिलेले याहून जास्त. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९८८ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियमने २०१३ मध्ये मोठी प्रदर्शनं केली, त्यांत त्याच्या पश्चात काढलेल्या प्रिंट होत्या. इथे निदान तुलनेला त्याचं हयातीतलं काम होतं: तो कसं निवडे, कसं छापून घेई. मायरच्या बाबतीत ती मोजपट्टीच तोकडी आहे.

नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखता येतात का? काही अंशी. जुन्या प्रिंटच्या गडद भागात, विशेषतः कडांना, तिरपं पाहिलं की निळसर आरशासारखी झाक दिसते. कृष्णधवल फोटो ज्या चांदीच्या कणांनी बनतो, ती कागदातली चांदी पृष्ठभागावर आलेली असते. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, नीट धुतलं गेलं नसेल तर पिवळे-तपकिरी डाग पडतात. घरच्या अल्बममधले, काळ्या कोपऱ्यांत अडकवलेले आजी-आजोबांचे फोटो काढून पाहा, दोन्ही खुणा सापडतील. कागद प्लॅस्टिकच्या अस्तराचा असेल तर तो १९७० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा, त्याआधीचा नाही.

पण खरी तपासणी दुकानदार नोटा पाहायला ठेवतात त्या जांभळ्या दिव्याने होते. फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी चमकद्रव्यं, कपड्यांच्या पावडरीत असतात त्याच जातीची, १९५० च्या दशकात येऊ लागली. त्यामुळे १९१० ची म्हणून आणलेली प्रिंट त्या दिव्याखाली निळी उजळली तर प्रश्नच मिटला. लुइस हाइनच्या बाबतीत हेच घडलं. अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढणारा हाइन १९४० मध्ये वारला. १९९० च्या दशकात त्याच्या सहीशिक्क्याच्या ‘जुन्या’ प्रिंट महाग विकल्या जात होत्या. तपासणीत त्यांतल्या अनेकींचा कागदच त्याच्या मृत्यूनंतरचा निघाला. निगेटिव्ह हाइनचीच होती. खोटं होतं ते फक्त दुसरं साल.

इंकजेट प्रिंटबद्दल थोडक्यात. पट्टीवर ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट’ लिहिलेलं असेल तर ती निगेटिव्ह स्कॅन करून शाईने काढलेली, म्हणजे नंतरचीच. तिला नाकं मुरडायचं कारण नाही. चांगल्या सुती कागदावरची शाई दीर्घकाळ टिकते. फक्त भिंग लावलं की चांदीच्या अनियमित कणांऐवजी शाईचे ठिपके दिसतात.

आपल्याकडे व्हिंटेज प्रिंट मुळातच कमी. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल मिळायचा, पण फोटो मोठा करून जपून ठेवायला पैसा कुणाकडे होता, आणि पावसाळ्यातली दमट हवा उरलंसुरलं खायची. त्यामुळे भारतीय रस्त्यांचे जुने कृष्णधवल फोटो आपण बहुधा नंतरच्या प्रिंटमध्येच पाहतो. पाब्लो बार्थोलोम्यू यांनी सत्तरच्या दशकात, विशीच्या आगेमागे, दिल्ली-मुंबई-कलकत्त्यात काढलेले फोटो तीसेक वर्षांनी बाहेर काढले. २००७ मध्ये ते फ्रान्समधल्या आर्लच्या महोत्सवात लागले. या प्रिंट व्हिंटेज नाहीत आणि मायरसारख्या परक्याच्या निवडीच्याही नाहीत. इथे निवड करणारा आहे पन्नाशीतला फोटोग्राफर, आणि निवडतो आहे तो विशीतल्या स्वतःची निगेटिव्ह. विशीतल्या पाब्लोंनी कदाचित दुसरेच फोटो निवडले असते. अशा प्रदर्शनाच्या पट्टीवर दोन्ही सालं हवीत, आणि निवड कुणाची हेही हवं. जागा लागते ती एका ओळीची.